गंजलेला ब्रेक कॅलिपर मोकळा करूनही पुन्हा जाम होतोय? मग हे बघा

पोळा झाला की ही तक्रार सुरू होते. गाडी एका बाजूला ओढते, ॲव्हरेज पडलं, तालुक्याला जाऊन आलं की पुढच्या एका चाकातून जळका वास येतो. बोलेरो असो, जुनी थार असो की जिप्सी, पुढं डिस्क असलेली आणि पाणंदीतून, शिवारातून चालणारी गाडी पावसाळ्यानंतर हा त्रास देतेच. मिस्त्रीकडं नेली की तो चाक काढतो, कॅलिपरचा (डिस्कला पॅडनं आवळून धरणारा भाग) पिस्टन दाबून मागं सारतो, वरून ऑइलचा फवारा मारतो आणि चाक फिरवून दाखवतो. "झालं भाऊ, मोकळं झालं." दिवाळीपर्यंत गाडी नीट चालते. मग तेच चाक, तोच वास.

पिस्टन दाबून मागं गेला म्हणजे कॅलिपर दुरुस्त झाला, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. पिस्टनला अडवणारी घाण सहसा पिस्टनवर नसतेच. ती सीलच्या मागच्या खाचेत, स्लाइड पिनच्या (ज्यावर कॅलिपर सरकतो) भोकात आणि पॅड जिथं टेकतात त्या ब्रॅकेटवर असते. या तीन जागा साफ केल्याशिवाय नवं किट (सील आणि रबरी बूट) टाकलं तरी पैसे वाया जातात.

आपल्याकडंच इतकं का होतं

गंगथडीची, म्हणजे गोदाकाठची, काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. माजलगाव, पाथरी, गंगाखेड भागात पावसात शेतात गाडी घातली की चाकाच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर बसतो आणि तो थर पाणी सोडत नाही. वरून वाळलेला दिसला तरी आत कॅलिपरला लागून ओल टिकते. त्यात गाडी वॉशिंग सेंटरला नेली की प्रेशरचा पाइप थेट चाकात धरतात. त्या जोरानं पाणी पिस्टन झाकणाऱ्या रबरी बुटाच्या कडेतून आत जातं. बोअरचं पाणी जड असेल तर वाळताना क्षारही आत सोडून जातं.

पाणी दुसऱ्या बाजूनंही येतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतात. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळायला हवं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ ची हीच उतरण २३० वरून १५५ वर. घाटात ब्रेक मऊ पडण्याचं हे एक कारण झालं, पण कॅलिपरच्या दृष्टीनं दुसरा परिणाम मोठा आहे: पाणी मुरलेलं ऑइल सिलिंडरला आतून गंजवतं. ज्या गाडीचं ब्रेक ऑइल कधी बदललंच नाही, तिचा कॅलिपर बाहेरून कितीही घासला तरी आतला गंज चालूच राहतो.

उघडण्याआधी दोष नेमका कुठं आहे ते शोधा

कॅलिपर काढण्याची घाई करू नका. अडकलेलं चाक आणि अडकलेला कॅलिपर यात फरक आहे. पुढची चाचणी सोपी आहे आणि तिच्यानं बराच खर्च वाचतो.

गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, पुढून उचला आणि चासीखाली लोखंडी घोडी द्या. नुसत्या जॅकवर काम करू नका. काळ्या मातीत तर जॅक बघता बघता कलतो. ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडा आणि चाक हातानं फिरवा. जड लागलं की कॅलिपरच्या निप्पलवर (हवा आणि ऑइल बाहेर सोडायचं तोंड) पारदर्शक नळी लावून निप्पल अर्धा आटा सैल करा.

ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं, तर पिस्टन बिचारा ठीक आहे. दाब मागं कुठंतरी अडकलाय. अशा वेळी निप्पल बंद करा, पुन्हा ब्रेक दाबून सोडा आणि आता रबरी होज जिथं लोखंडी पाइपला जोडलाय तो जोड जरासा सैल करा. इथं सैल करूनही चाक सुटलं नाही, पण निप्पल उघडल्यावर सुटतं, तर होज आतून सुजलाय. जुना होज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतलं रबर सुटून झडपेसारखं होतं: पाय दाबला की ऑइल पुढं जातं, सोडला की परत येत नाही. जोड सैल केल्यावर चाक सुटलं, तर दोष आणखी मागं, पेडल दाबलं की ऑइल पुढं ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडं आहे. पुढची दोन्ही चाकं सारखीच धरत असतील तर मास्टर सिलिंडर, सर्वोची (पायाचा जोर वाढवणारा डबा) दांडी आणि पेडलचा मोकळा खेळ आधी बघा. पेडलला खेळच ठेवला नसेल तर मास्टरमधलं परतीचं छिद्र झाकलेलं राहतं आणि गाडी चालेल तसा ब्रेक आपोआप आवळत जातो.

निप्पल उघडूनही चाक तसंच जड राहिलं, तर अडचण खरोखर कॅलिपरमध्ये आहे. मग पॅड काढून बघा. पिस्टनकडचा पॅड जास्त झिजला असेल तर संशय पिस्टनवर. बाहेरचा पॅड जास्त झिजला असेल तर स्लाइड पिनवर. पॅड तिरका, पाचरीसारखा झिजला असेल तर दोनपैकी एक पिन धरलीय किंवा पॅडचं एक टोक ब्रॅकेटमध्ये अडकलंय.

गाडी कुठं ओढते तेही ध्यानात ठेवा, कारण इथं मिस्त्रीसुद्धा फसतात. ब्रेकवर पाय नसताना गाडी डावीकडं ओढते, तर डावं चाक धरतंय. ब्रेक दाबल्यावरच डावीकडं जाते, तर बहुधा उजवा कॅलिपर काम करत नाही आणि डावा एकटा सगळं ओढतोय. दुसऱ्या प्रकारात लोक चांगला कॅलिपर उघडून बसतात.

खाच: सगळा खेळ इथं आहे

कॅलिपरमध्ये पिस्टनला मागं ओढणारी स्प्रिंग नसते. सिलिंडरच्या आत एक गोल खाच असते आणि तिच्यात चौकोनी कडांचं रबरी सील बसतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढं सरकतो आणि सील त्याला धरून किंचित पिळलं जातं. पाय काढला की पिळलेलं सील सरळ होतं आणि पिस्टनला तेवढंच, मिलिमीटरच्या अंशाएवढं, मागं घेतं. पॅड डिस्कपासून सुटतो तो एवढ्याशा हालचालीवर.

आता त्या खाचेत सीलच्या मागं गंज धरला तर काय होतं? गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो सीलला मागून ढकलतो, सील पिस्टनला आवळून धरतं, आणि त्याला पिळायला जागाच उरत नाही. पिस्टन पुढं जातो, कारण पायाचा जोर मोठा असतो. मागं यायला मात्र सीलच्या ताकदीवर अवलंबून असतो आणि ती ताकदच गेलेली असते. म्हणून क्लॅम्पनं दाबून पिस्टन मागं सारणं हा उपाय नाही. पुढच्या ब्रेकला तो तिथंच जाऊन बसतो.

एका शेतकरी मित्राच्या बोलेरोचा डावा कॅलिपर आमच्या टेबलावर आला तेव्हा त्यात सील अगदी नवं होतं; किट बदलून फार दिवस झाले नव्हते. सील काढून खाचेत बॅटरीचा उजेड टाकला तर तळाला तपकिरी-काळा, दगडी थर दिसला. नखानं निघेना. पितळी तारेचं टोक वाकवून गोल फिरवत खरवडायला घेतलं तेव्हा खपल्या निघू लागल्या, आणि त्यांच्याखाली खाचेचे मूळचे कोपरे दिसले. थर काढण्याआधी तेच सील खाचेत बसवलं तर कडेबाहेर फुगून येत होतं. साफ केल्यावर ते अलगद बसलं. ज्यानं किट बदललं त्यानं नवं रबर जुन्या गंजावर बसवलं होतं.

रॉकेल आणि डिझेल कॅलिपरजवळ आणू नका

हे मी जोर देऊन सांगतो, कारण आपल्याकडं गॅरेजमध्ये पार्ट धुवायचा म्हणजे डिझेलचा डबा, ही सवय पक्की आहे. इंजिनच्या पार्टला ते चालतं. ब्रेकच्या रबराला नाही. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं सीलचं रबर रॉकेल, डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. फुगलेलं सील पिस्टनला आवळतं, म्हणजे आपण गंज काढून तोच आजार पुन्हा आत घालतो. पिस्टनवर मारलेला गंज सोडवायचा फवाराही त्याच जातीचा. तो नट-बोल्ट आणि निप्पलच्या आट्यांवर मारा, पिस्टनच्या कडेला नको.

धुवायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. शेवटचा हात ताज्या ब्रेक ऑइलचा.

पिस्टन काढणं आणि गंज उतरवणं

होज सोडण्याआधीच पिस्टन बाहेर आणून घ्या. पॅड काढून कॅलिपर तारेनं टांगा, पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि दुसऱ्या माणसाला पेडल हळूहळू दाबायला सांगा. अडकलेला पिस्टन बहुतेक वेळा पेडलच्या दाबानं येतो. दोन पिस्टनचा कॅलिपर असेल तर जो आधी सुटतो त्याला क्लॅम्पनं धरून दुसरा काढा, नाहीतर एक निसटून पडतो आणि दुसरा आतच राहतो. कॉम्प्रेसरच्या हवेनं काढायचाच असेल तर दाब अगदी कमी ठेवा आणि बोटं समोर नको; पिस्टन गोळीसारखा सुटतो. जुन्या पॅडची धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. काही जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग निघतो.

ओतीव लोखंडी कॅलिपरचा बाहेरचा आणि आतला गंज काढायला किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व पुरेसं आहे. लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम विरघळवा, सगळं रबर, पिस्टन आणि निप्पल काढलेला कॅलिपर रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी ब्रशनं घासा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, साध्या पाण्यानं धुवा आणि लगेच वाळवा. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण आम्लातून निघालेलं उघडं लोखंड डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस होतं. हवा मारा, उन्हात तापवा आणि सिलिंडरला आतून ब्रेक ऑइलचा हात द्या. कॅलिपर ॲल्युमिनियमचा असेल तर या पाण्यात घालू नका. तो नुसता घासून साफ करा.

मग खाच. लाकडी काडी, तांब्याची किंवा पितळेची वाकवलेली तार वापरा, स्क्रू-ड्रायव्हर नको. त्याचा चरा कायम राहतो. तळ आणि दोन्ही कोपरे स्वच्छ दिसेपर्यंत सोडू नका. बुटाची कड जिथं बसते ती बाहेरची खाचही तशीच साफ करा, नाहीतर नवा बूट नीट बसत नाही आणि पहिल्याच चिखलात पाणी आत येतं.

सिलिंडरच्या भिंतीवर बारीक डाग राहिले तर घाबरू नका. इथं सील सिलिंडरवर घासत नाही, पिस्टनवर घासतं. म्हणून पिस्टनच्या बाबतीत मात्र कडक राहा. नख फिरवा, सील जिथून सरकतं त्या भागात नख अडकलं, किंवा क्रोमचा पापुद्रा उठला असेल, तर पिस्टन फेकून द्या. पॉलिश पेपरनं घासून चकाकवलेला पिस्टन दोन महिने छान दिसतो. क्रोम गेलं की उघडं पोलाद राहतं आणि ते आधीपेक्षा लवकर गंजतं. नवा पिस्टन आणि किट घेताना जुना पिस्टन सोबत न्या आणि व्हर्नियरनं व्यास मोजून घ्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कॅलिपर बदललेले असतात.

स्लाइड पिन आणि ब्रॅकेट

इथं लोक सर्वात जास्त टाळाटाळ करतात. पिन पुसून ग्रीस लावतात, भोकात कुणी बघत नाही. जुनं ग्रीस आणि माती मिळून भोकाच्या तळाला घट्ट गोळा होतो. काडीला पॉलिश पेपर गुंडाळून भोक आतून फिरवून घ्या, ब्रेक क्लीनरनं धुवा, पिन कोरडीच घालून बघा. स्वतःच्या वजनानं आत-बाहेर झाली पाहिजे. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. जास्त भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते. काही कॅलिपरमध्ये दोनपैकी एका पिनेवर रबराची नळी असते; कोणती पिन वर आणि कोणती खाली, हे काढतानाच खूण करून ठेवा. पिनेचा बूट फाटलेला असेल तर बाकीचं सगळं काम त्याच्याशिवाय व्यर्थ आहे.

ब्रॅकेटवर पॅडचे कान जिथं बसतात तिथली स्टीलची पट्टी काढा. तिच्याखाली गंज चढून ती वर उचलली जाते आणि पॅड पाचर मारल्यासारखा बसतो. कानशीनं खालचा गंज काढा, मूळचं लोखंड खाऊ नका. पॅड बोटानं सरकला पाहिजे. हातोडीनं ठोकून बसवलेला पॅड परत येत नाही.

रंग द्यायचा असेल तर उष्णता सोसणारा द्या आणि सिलिंडर, खाचा, पिनेची भोकं, पॅडची बसायची जागा आणि होजचं तोंड चिकटपट्टीनं झाका.

जोडणी आणि एअर

सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून खाचेत बसवा, बोट फिरवून पीळ नाही ना ते बघा. पिस्टन सरळ धरून अंगठ्यांनी दाबा. जोर लागला तर काढा आणि पुन्हा बघा. बरोबर साफ झालेल्या कॅलिपरमध्ये पिस्टन हातानं जातो, क्लॅम्प लागत नाही. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे टाका. बोल्ट गाडीच्या पुस्तकातल्या मापानं आवळा.

डावा-उजवा कॅलिपर बदलला नाही ना ते तपासा. निप्पल वरच्या बाजूला आलं पाहिजे. खाली आलं तर कितीही पंप मारा, हवा वर अडकलेलीच राहते. एकच कॅलिपर उघडला आणि टाकी रिकामी झाली नाही, तर त्याच चाकाची एअर, म्हणजे ऑइलमध्ये शिरलेली हवा, काढली तरी भागतं. पण जुनं ऑइल काळपट आलं तर सगळंच बदला, मास्टरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच ऑइल घाला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नका. फोडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका, ती ओल पिऊन बसलेली असते. शेवटी निप्पलला रबरी टोपी घाला. ती नसली की पुढच्या वेळी निप्पल मोडतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, शक्यतो मृगाच्या आधी बदला. चिखलातून आल्यावर चाकांवर साधं, कमी दाबाचं पाणी सोडा, माती ओली असतानाच. मग हळू चालवत ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा म्हणजे डिस्क आणि पॅड वाळतात. ओल्या चाकानं गाडी शेडमध्ये लावून आठवडाभर विसरणं कॅलिपरला सर्वात वाईट. पॅड बदलताना पिस्टन मागं सारायचा असेल तर निप्पलला नळी लावून उघडा आणि जुनं ऑइल बाहेर जाऊ द्या; बंद ठेवून दाबलं तर कॅलिपरच्या तळाची घाण मास्टरकडं जाते.

काम झाल्यावर आधी मोकळ्या जागेत हळू चालवून पेडल कडक आहे याची खात्री करा. मग रस्त्यावर थोडं लांब, ब्रेक कमीत कमी वापरत जा आणि थांबल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात धरून बघा. डिस्कला हात लावू नका. बंदुकीसारखा तापमापक असेल तर दोन्ही डिस्कचं तापमान मोजा. दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या तर काम जमलं. दुरुस्त केलेलीच बाजू अजून जास्त तापत असेल तर निप्पलची चाचणी परत करा आणि होजवर लक्ष ठेवा. जे चाक बरेच दिवस धरून चाललंय त्याचं बेअरिंग ग्रीसही वितळून गेलेलं असू शकतं, म्हणून हब उघडून नवं ग्रीस भरा, आणि डिस्क निळी पडली असेल तर तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी मोजून बघा.